वास्कोच्या वाटेवरचा पेले

कॅसलरॉकहून घाट उतरलेली गाडी दूधसागर, कुळे, मडगाव करत शेवटी जिथे थांबते त्या गावाचं नाव वास्को द गामा. रिओ द जानेरोमध्ये याच नावाचा एक फुटबॉल क्लब आहे, आणि १९ नोव्हेंबर १९६९ च्या रात्री माराकाना स्टेडियमवर पेलेने आपला हजारावा गोल मारला तो याच वास्कोविरुद्ध. पेनल्टी होती. वास्कोचा गोलकीपर आंद्रादा बरोबर बाजूला झेपावला, पण चेंडू आत गेलाच आणि तो जमिनीवर मुठी आपटत राहिला. मग लोक मैदानात घुसले, पेलेच्या अंगावर १००० आकडा लिहिलेली वास्कोचीच जर्सी चढली आणि मैदानाला फेरी झाली. त्याच दिवशी अपोलो १२ चंद्रावर उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्राझीलच्या वर्तमानपत्रांना पहिलं पान चंद्र आणि पेले यांच्यात वाटून द्यावं लागलं.

जोयडा तालुक्यात हा वास्कोचा योगायोग रंगवून सांगणारे एक काका आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीचा बराच काळ कॅसलरॉकला पॉइंट्समन म्हणून गेलेला, म्हणजे मालगाड्यांना घाटासाठी लागणारी बँकर इंजिनं जोडायची नि सोडवायची. त्यांची पुतणी मडगावला एका शाळेत पीटी शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बांधते. काकांच्या मते पेले हा वादाचा विषयच नाही. पुतणीच्या मते वाद घालण्यासारखा तेवढा एकच विषय आहे. रामनगरला, गोव्याच्या रस्त्यालगतच्या हॉटेलात पाऊस अडवून बसला होता तेव्हाचं हे बोलणं. शब्द जसेच्या तसे नाहीत. भांडण मात्र त्यांचंच.

काका : तीन वर्ल्ड कप. १९५८, ६२, ७०. खेळाडू म्हणून तीनदा जिंकलेला दुसरा माणूस आजवर झाला नाही. आता बोल.

पुतणी : ६२ चा धरू नका. चिलीत दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, तुमचा पेले जायबंदी झाला आणि उरलेली स्पर्धा त्याने बाहेर बसून बघितली. तो कप गारिंशाने आणला. पेलेच्या जागी आलेल्या आमारिल्दोने फायनलला गोलसुद्धा मारला. आज आमारिल्दोचं नाव घेणारा एक माणूस दाखवा मला या तालुक्यात.

काका : मी घेतो.

पुतणी : तुम्ही सोडून.

काका : बरं, ६२ सोड. ५८ चं काय करशील? सतरा वर्षांचं पोर. स्वीडनला निघताना संघाच्या मानसशास्त्रज्ञाने लेखी कळवलेलं, हा पोरकट आहे, याला खेळवू नका. गारिंशाबद्दलही तसंच. प्रशिक्षक फिओलाने कागद वाचला आणि दोघांनाही मैदानात उतरवलं. क्वार्टर फायनलला वेल्सविरुद्ध एकच गोल झाला, तो याचा. सेमी फायनलला फ्रान्सविरुद्ध तीन. फायनलला यजमानांविरुद्ध दोन. सगळे सहाच्या सहा गोल बाद फेरीतले, जिथे हरला तो घरी. हे काय जाहिरातीने झालं?

पुतणी : त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या जूस्त फाँतेनने तेरा गोल मारले. तेरा! एका वर्ल्ड कपात इतके गोल आजतागायत कुणाला जमलेले नाहीत. पेलेचे सहा आणि त्याचे तेरा. मग कॅसलरॉकच्या पोरांनी फाँतेनच्या नावाने एकमेकांना का हाक मारली नाही?

काका : कारण फाँतेनचा संघ हरला.

पुतणी : म्हणजे कीर्ती गोलाला मिळत नाही, निकालाला मिळते. माझं तेच म्हणणं आहे, तुम्ही माझ्या आधी बोललात.

(इथे काकांनी चहा मागवला. ते अडचणीत आले की चहा येतो, एवढं माझ्याही लक्षात आलं होतं.)

काका : निकालच म्हणतेस तर आकडे घे. बाराशेच्या वर गोल.

पुतणी : किती वर? कुणी १,२७९ सांगतं, कुणी १,२८१, कुणी १,२८३. त्यात मैत्रीचे सामने, दौऱ्यावरचे सामने, लष्करी सेवेत असताना पलटणीच्या संघाकडून खेळलेले सामनेसुद्धा धरलेत. अधिकृत सामन्यांपुरतं बघितलं तर साडेसातशेच्या वर. तेही अफाटच, नाही कोण म्हणतंय? ब्राझीलकडून ९२ सामन्यांत ७७ गोल, हा आकडा मला पुरतो. मग माणसाला बाराशेची गरज का पडते?

काका : दौऱ्यावरचे सामने म्हणून नाक मुरडतेस, पण ते दौरे का करावे लागले ते सांग ना. सांतोस हा बंदराच्या गावातला क्लब. पेलेला सांभाळायचा तर पैसा पाहिजे. युरोपातले बडे क्लब दारात उभे. सरकारने तर त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर विकायला बंदी केली असं सांगतात. मग क्लबने काय केलं? पेलेला घेऊन जगभर सामने खेळत सुटले. आज या देशात, परवा त्या देशात. सुजलेल्या घोट्याने खेळला असेल, पण पेलेशिवाय मैदान भरत नव्हतं. जत्रेतल्या नाटक कंपनीचं असतं तसं, नायक तापाने फणफणला तरी तोंडाला रंग लागतोच. ते गोल तू मोजणार नाहीस?

पुतणी : मोजते. पण मग ते ‘कारकीर्द’ म्हणून नका मोजू, ‘हमाली’ म्हणून मोजा. त्या हमालीनेच त्याचं नाव गावोगाव गेलं. मुद्दा तोच आहे काका. नाव आपोआप पसरत नाही, कुणीतरी ते वाहून न्यावं लागतं. सांतोसने वाहिलं, मग टीव्हीने. १९७० चा मेक्सिकोचा वर्ल्ड कप रंगीत दिसलेला पहिला वर्ल्ड कप. पिवळी जर्सी, निळी चड्डी, हिरवं गवत. आणि त्याच स्पर्धेत एका सामन्याच्या सुरुवातीला पेले खाली वाकून बुटाची नाडी बांधतो, कॅमेरा बुटावर जातो, बूट बनवणाऱ्या कंपनीचं काम होतं. त्याचे पैसे ठरलेले होते. नाडीसुद्धा जाहिरात!

काका : टीव्ही म्हणालीस ना, आता ऐक. १९७० ला भारतात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबईला आला ७२ ला. कॅसलरॉकला टीव्ही म्हणजे कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. आम्हाला काय मिळायचं? बेळगावचा ‘तरुण भारत’, गाडीने येईल तेव्हा येईल. त्यात चार ओळी आणि कधी एक काळा डाग, ज्याला फोटो म्हणायचं. त्या चार ओळींवर आम्ही यार्डात शंटिंगच्या मधल्या वेळात भांडायचो. पेलेचा पाय हललेला मी बघितला तो कितीतरी वर्षांनी. तोपर्यंत तो माझ्या डोक्यात खेळून खेळून रिटायर झालेला होता. सांग, मला कुठल्या टीव्हीने फसवलं?

पुतणीने लगेच उत्तर दिलं नाही. मलाही वाटतं की हा मुद्दा वजनदार आहे. टीव्हीमुळे पेले झाला असं आपण सहज म्हणतो, पण त्याची कित्येक मोठी कामं चित्रितच झालेली नाहीत. ५ मार्च १९६१ ला फ्लुमिनेन्सेविरुद्ध माराकानावर त्याने जवळजवळ सगळा बचाव चुकवत एक गोल केला. पाहणारे इतके हरखले की एका पत्रकाराच्या सूचनेवरून त्या गोलाची आठवण म्हणून स्टेडियमवर पितळी पाटी लावली गेली. त्या गोलाची फिल्म उपलब्ध नाही, पाटी आहे. पेले स्वतः ज्याला आपला सर्वांत सुंदर गोल म्हणायचा, १९५९ चा साओ पावलोतल्या जुवेंतुस संघाविरुद्धचा, तोही कॅमेऱ्यात नाही. पुढे त्याच्यावरच्या चित्रपटासाठी तो संगणकावर रचावा लागला. म्हणजे या माणसाची अर्धी कीर्ती तोंडी आहे. आपल्याकडे पोवाडे जसे टिकले त्या जातीची.

पुतणी : ठीक आहे. टीव्ही मागे घेते. पण मग प्रश्न उलटा फिरतो. बघितल्याशिवायसुद्धा कीर्ती टिकते ना? मग नेव्हिल डिसोझाची का नाही टिकली?

काका : आलीस शेवटी नेव्हिलवर.

पुतणी : येणारच. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. पेलेने सांतोसकडून पहिला सामना खेळला तेच वर्ष. १ डिसेंबरला भारताने ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरी ४-२ हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत, टाटांच्या संघाकडून, कूपरेजवर. सेमी फायनलला युगोस्लाव्हियाविरुद्धसुद्धा पहिला गोल नेव्हिलचा, आपण पुढे होतो! मग ४-१ ने हरलो. त्या स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांचा मान नेव्हिलसह तिघांत विभागला गेला, प्रत्येकाचे चार. ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. त्यानंतर आजवर भारतीय फुटबॉल तिथे पोचलेला नाही. आणि काका, माझ्या संघातल्या मुलींना मी विचारलं, नेव्हिल डिसोझा कोण? एक म्हणाली, आमच्या वाड्यावरचा बेकरीवाला.

काका : (हसत) असेल तोही.

पुतणी : हसण्यासारखं नाही. १९८० मध्ये गेला तो, पन्नाशीही गाठली नव्हती. आणि पुतळा कुणाचा लागला? २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्दोचा! लोकांनी काळे झेंडे दाखवले, विचारलं की ब्रह्मानंद शंखवाळकर नाही का, ब्रुनो कुतिन्हो नाही का, आणि पोर्तुगालचाच खेळाडू का, तेही गोवा मुक्तीची साठ वर्षं होत असताना. ब्रह्मानंद आमच्यातच राहतो, भारताचा कप्तान होता, अर्जुन पुरस्कारवाला. तो रस्त्याने चालला तर सेल्फी मागायला किती जण येतील?

काका : बाय, राग मानू नकोस. पण ५६ ला हंगेरी आलीच नाही, तिथे उठाव चिरडलेला. त्यामुळे आपल्याला पहिली फेरी चालून मिळाली. ऑस्ट्रेलियाला हरवलं की थेट सेमी फायनल. शिवाय ऑलिंपिकला पश्चिम युरोपातले, दक्षिण अमेरिकेतले पैसे घेणारे खेळाडू चालत नव्हते. ती स्पर्धा आणि वर्ल्ड कप एका तराजूत नाही घालता येत.

पुतणी : नाही घालत. पण युगोस्लाव्हियाचे खेळाडू खरेच होते की नाही? बल्गेरियाचे? कीर्ती तराजूने मिळत असती तर नेव्हिलच्या वाट्याला पेलेच्या कीर्तीचा शंभरावा भाग तरी आला असता. शून्य कसं आलं?

काका : कारण नेव्हिलनंतर नेव्हिल झाला नाही. पेलेनंतर झिको झाला, रोमारिओ झाला, रोनाल्दो झाला, त्यांचा रोनाल्दो, कळंगुटचा नव्हे. दर वेळी नवीन पोरगं आलं की लोक विचारतात, पेलेएवढा आहे का? त्या प्रश्नातच पेले जिवंत राहतो. आपल्याकडे नेव्हिलएवढा आहे का असं विचारायला समोर पोरगं तर पाहिजे! झिको स्वतः एफसी गोवाला शिकवायला आला २०१४ ला, तेव्हा फातोर्ड्याला मी गेलो होतो. वर्तमानपत्रांत काय छापून आलेलं? ‘गोरा पेले’. बिचाऱ्याने सत्तरऐंशी गोल मारून, फ्लामेंगोला जगज्जेता करूनसुद्धा अजून दुसऱ्याच्याच नावाने ओळख!

(सत्तरऐंशी गोल झिकोचे नाहीत, त्याहून कितीतरी जास्त आहेत. काका भरात होते, मी टोकलं नाही.)

काका : आणि अजून एक. आपण १९५० ला ब्राझीलला जाऊ शकत होतो. वर्ल्ड कपचं बोलावणं होतं. इटली, स्वीडन, पॅराग्वेच्या गटात आपलं नाव पडलेलं. बूट नव्हते म्हणून नाही गेलो असं सांगतात.

पुतणी : बूट हा बहाणा आहे, दंतकथा. संघटनेला तेव्हा ऑलिंपिक हीच खरी स्पर्धा वाटत होती, वर्ल्ड कपचं मोल कळलेलं नव्हतं. दूरचा प्रवास, तयारीला वेळ नाही, हेही होतं. यजमान बराचसा खर्च उचलायला तयार होते, तरी नाही गेलो. गेलो असतो तर त्या वर्ल्ड कपमध्ये भारताचं नाव असतं. त्याच स्पर्धेत शेवटी माराकानावर उरुग्वेकडून ब्राझील हरलं आणि नऊ वर्षांच्या पेलेने रडणाऱ्या बापाला सांगितलं की मी तुला वर्ल्ड कप जिंकून देईन. ही कथाही तुम्हीच सांगता.

काका : ती खरी आहे.

पुतणी : असेलही. पण बघा ना, ब्राझीलकडे रडणारा बाप होता. आपल्याकडे रडायलाही कुणी नव्हतं. आपण गेलोच नाही आणि कुणाला काही वाटलंही नाही.

पाऊस जरा उणावला. काकांनी विषय एकदम आपल्या मुलुखावर आणला. मला वाटतं तो त्यांचा हुकमाचा पत्ता होता.

काका : तू गोव्याचं बोलतेस. १९६१ चा डिसेंबर. आपल्या अनमोडवरून फौजा खाली मोलेला उतरल्या, १९ तारखेला गोवा मोकळा. तोवर कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीचं स्टेशन, पलीकडे दुसरं राज्य. आता पुढचं ऐक. १९६२ चा ऑक्टोबर, ११ तारीख. लिस्बन. पोर्तुगालच्या राजधानीत बेनफिका विरुद्ध सांतोस, युरोपचा विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा विजेता. बेनफिकाकडे युसेबिओ, मोझांबिकचा पोरगा, पोर्तुगालच्याच वसाहतीतला. सांतोसकडे पेले, पोर्तुगालच्या जुन्या वसाहतीतला. सांतोसने त्यांच्या घरात पाच गोल घातले, ५-२. पेलेचे तीन. आपल्याकडून पोर्तुगीज जाऊन दहा महिने झाले नव्हते. माझे वडील आमच्या स्टेशनवरच नोकरीला होते. ते फुटबॉल बघणारे नव्हेत. पण हा निकाल त्यांना कुणीतरी सांगितला तेव्हा त्यांनी स्टेशनवर सगळ्यांना चहा पाजला. पेले त्यांना आपला वाटला. तुझा नेव्हिल ऑस्ट्रेलियाशी खेळला. ऑस्ट्रेलियाने आपलं काय वाकडं केलेलं?

पुतणी : हे तुम्ही छान सांगता. पण मग पेले मोठा खेळाडू म्हणून नव्हे, तर कुणाचा तरी सूड म्हणून मोठा झाला.

काका : दोन्ही. एकच कारण असायला ती काय परीक्षा आहे?

पुतणी : बरं, वसाहतींचंच बोलू. हल्याळ, यल्लापूर, आपला जोयडा, इथे सिद्दी राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणलं, पुष्कळांना पोर्तुगीजांनीच. गोव्यातून निसटून कितीतरी जण या जंगलात आले. ब्राझीलमध्येही आफ्रिकेतून गुलाम नेले ते पोर्तुगीजांनीच. त्या दुसऱ्या जहाजांतल्या लोकांच्या वंशात पेले झाला. आमच्या शाळेत एक सिद्दी मुलगी आहे, चांगली फॉरवर्ड. बघायला आलेले सगळे म्हणतात, हिच्या रक्तातच आहे. मला इतका राग येतो! ऐंशीच्या दशकात क्रीडा प्राधिकरणानेही याच समजुतीवर सिद्दी मुलं निवडली, प्रशिक्षणाला नेली, काहींनी मैदानी खेळांत पदकंही आणली. काही वर्षांनी योजना गुंडाळली. मुलं परत आली, कुणी मजुरीला, कुणी शेतात. रक्त तर होतंच ना? मग काय कमी पडलं?

काका : योजना.

पुतणी : नेमकं. पेलेच्या रक्तात काही नव्हतं. त्याच्या घरात होतं. बाप दोंदिन्यो स्वतः फॉरवर्ड. गुडघा गेला म्हणून मोठा झाला नाही. त्याने पोराला शिकवलं. बाउरू गावात मोज्यात कागद कोंबून केलेल्या चेंडूने खेळला पेले, पण शिकवणारा घरात होता. पुढे गावच्या क्लबात वाल्देमार दि ब्रितोसारखा माजी वर्ल्ड कप खेळाडू शिकवायला भेटला, त्यानेच हात धरून सांतोसला नेला. गरिबीतून चमत्कार झाला असं सांगणारे या दोघांना गाळतात. तुम्हीही गाळता.

काका : आजपासून नाही गाळणार. दोंदिन्यो लक्षात ठेवीन.

मला इथे एक गोष्ट जाणवली. पुतणीचा राग पेलेवर नव्हता. पेलेबद्दल ज्या तऱ्हेने बोललं जातं त्यावर होता. काकांचं प्रेम मात्र थेट त्या माणसावर, त्याच्या दोषांसकट. ते दोष पुतणीने काढलेच.

पुतणी : १९६४ ते ८५ तिथे लष्करी राजवट. लोक गायब होत होते, छळ चालला होता, आणि ७० चा कप घेऊन आल्यावर राष्ट्राध्यक्ष मेदिसीच्या शेजारी पेले हसत उभा. मुहम्मद अलीने ६७ ला लढाईवर जायला नकार दिला, किताब गेला. पेलेने एक शब्द काढला? त्याच्याच संघातल्या पावलो सेझारने पुढे त्याला यावरून खडसावलं. आणि घरचं सांगू? एका मुलीला कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागलं की मी याची मुलगी.

काका : ते त्याने वाईट केलं. मुलीचं. त्याला माफी नाही. पण राजवटीचं... बाय, मी रेल्वेत होतो. ७४ च्या संपात मी कुठे उभा होतो ते मला माहीत आहे. ज्याला गमवायचं आहे त्याला विचार धाडस म्हणजे काय. पेले क्रीडामंत्री झाला ना नंतर? खेळाडूंना क्लबच्या बेडीतून सोडवणारा कायदा १९९८ ला त्याच्याच नावाने झाला.

पुतणी : उशिरा.

काका : उशिरा. नाही म्हणत नाही.

याच सुमाराला मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, नायजेरियाचं युद्ध पेलेसाठी दोन दिवस थांबलं ती गोष्ट तरी सांगा. काका सांगायला लागणार इतक्यात पुतणी म्हणाली की ज्यांनी ते तपासलं त्यांना त्या काळच्या वर्तमानपत्रांत त्याचा आधार मिळाला नाही. काका म्हणाले, नसेल, पण युद्ध थांबलं असं लोकांना वाटावं इतका तो मोठा होता, दुसऱ्या कुठल्या फॉरवर्डबद्दल कुणी अशी थाप तरी मारलीय का? या उत्तरावर पुतणी हसली. मला ते उत्तर आजही पटत नाही आणि विसरताही येत नाही.

मग काकांनी टेबल मोकळं केलं. चहाचा ग्लास उपडा ठेवला, म्हणजे तो उरुग्वेचा गोलकीपर माझुरकेविच. साखरेच्या डब्यातली एक पुडी, म्हणजे चेंडू. स्वतःचं बोट, म्हणजे पेले. १९७० ची सेमी फायनल, ग्वादालाहारा.

काका : तोस्ताओने इकडून पास दिला. चेंडू तिरका येतोय. पेले धावतोय. गोलकीपर पुढे आलाय. आता कुणीही काय करील? चेंडूला पाय लावील. याने लावला नाही. चेंडू गोलकीपरच्या या बाजूने जाऊ दिला आणि स्वतः त्या बाजूने गेला. (पुडी ग्लासाच्या डावीकडून सरकली, बोट उजवीकडून गेलं.) गोलकीपर ना चेंडूकडे, ना माणसाकडे. मागे जाऊन पुडी उचलली... म्हणजे चेंडू गाठला, वळून मारला.

पुतणी : आणि?

काका : आणि बाहेर गेला. दूरच्या खांबाला चाटून.

पुतणी : म्हणजे चुकला.

काका : चुकला. त्याच वर्ल्ड कपात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याने मधल्या रेषेच्या अलीकडूनच बघितलं की गोलकीपर व्हिक्तोर पुढे आलाय, आणि तिथूनच मारला. तोही जरा बाहेर. इंग्लंडविरुद्ध जाइर्झिन्योच्या क्रॉसवर डोक्याने खाली मारला, गोल झालाच होता, तो गॉर्डन बँक्सने कुठून हात आणून काढला देव जाणे. सत्तरच्या वर्ल्ड कपात पेलेने चार गोल मारले. फायनलला इटलीविरुद्ध पहिला त्याचाच. पण विचार जाऊन कुणालाही, चौथा गोल आठवतो का? नाही. हे तीन आठवतात. जे झालेच नाहीत!

पुतणी : (थोडं थांबून) हे खरं आहे. मी मुलींना व्हिडिओ दाखवते तो हाच दाखवते. माझुरकेविचचा.

काका : मग आता मला तुझ्या आकड्यांचं सांग. बाराशे की साडेसातशे. हे तीन कशात धरशील?

पुतणी : पण काका, हे तुमच्याच विरुद्ध जातं. पहिल्यांदा तुम्ही काय म्हणालात? तीन वर्ल्ड कप, पुढे बोलायचं काय. आता म्हणता चुकलेले फटके. निकालाने मोठा का चुकण्याने मोठा?

काका : निकालाने दार उघडतं. आत गेल्यावर लोक वेगळंच बघत बसतात.

पुतणी : आणि नेव्हिलला दारच उघडलं नाही. त्याचे चुकलेले फटके कोण सांगणार, इथे लागलेलेच कुणी सांगत नाही. त्याने पहिला गोल कसा मारला, डोक्याने का पायाने, चेंडू कुणी दिला, विचारा कुणाला. ‘मैदान’ सिनेमा आला २०२४ ला, नेव्हिलच्या संघाचे प्रशिक्षक रहीम साहेबांवर, तेव्हा चार दिवस लोकांना कळलं की असा एक संघ होता.

काका : तुला गंमत सांगतो. १९७७, २४ सप्टेंबर. पेले कलकत्त्याला आला, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून, मोहन बागानविरुद्ध, ईडन गार्डनवर. पावसाने मैदान चिखल. आठवड्याने, १ ऑक्टोबरला, तो निवृत्तच झाला. मी कलकत्त्याला जायचं ठरवलेलं, वाडी मार्गे पास काढलेला, पण रजा मिळाली नाही. सामना २-२. मोहन बागानने गौतम सरकारला पेलेच्या मागे लावलेला, आणि पेलेला गोल करता आला नाही. त्या मोहन बागानचा प्रशिक्षक कोण?

पुतणी : पी. के. बॅनर्जी.

काका : आणि मेलबर्नला ५६ ला नेव्हिलच्या शेजारी फॉरवर्ड लाइनमध्ये कोण होता?

पुतणी : पी. के. बॅनर्जी! म्हणजे ज्याने नेव्हिलबरोबर ऑस्ट्रेलियाला हरवलं तोच माणूस ईडनच्या बाकावर बसून पेलेला अडवत होता. काका, हे तुम्हाला माहीत होतं? मग इतकी वर्षं कधी सांगितलं नाहीत?

काका : कुणी विचारलं नाही.

पुतणी : पेलेबद्दल तरी तुम्हाला कोण विचारतं? तरी सांगताच ना.